जमिनीवरची नाव

नाव हा शब्द उच्चारला की त्याच्यामागोमाग पाणी येते. आपल्या भाषेने नावेला पाण्यापासून कधी वेगळे केलेच नाही. भवसागर, पैलतीर, नावाडी होऊन येणारा सद्गुरू, या साऱ्या कल्पनांत नाव सदैव प्रवाहात असते आणि तिच्यात बसलेला जीव सदैव पलीकडे पाहत असतो. प्रत्यक्षातल्या नावेचे आयुष्य मात्र असे नसते. कोकणातली होडी पावसाळ्याचे महिने किनाऱ्यावर झावळ्यांखाली शाकारलेली असते. नदीकाठची नाव उन्हाळ्यात वाळवंटात उपडी पडलेली असते. आणि आमच्या गावच्या नावेसारखी एखादी नाव वर्षातले जवळजवळ सारे दिवस ग्रामपंचायत आणि प्राथमिक शाळा यांच्यामधल्या पटांगणात, पत्र्याच्या छपराखाली, दोन चाकांच्या गाडीवर बसून असते. तिच्यावर पाण्यात उतरण्याची वेळच येऊ नये, अशी सारा गाव मनोमन प्रार्थना करतो. आणि तरीही येताजाता तिच्याकडे एकवार पाहिल्यावाचून कोणी पुढे जात नाही.

आमचे गाव कृष्णेच्या काठी, सांगलीपासून फार दूर नाही असे. नदी आणि गावठाण यांच्यामध्ये मळीची जमीन, तिच्यात ऊस, आणि ऊस संपतो तिथे घरांच्या भिंती. आमच्याकडे पाण्यावरून जाण्याची साधने पूर्वी तीन होती. पहिले सांगड. वाळलेले भोपळे एकत्र बांधून तिचा तरंगा करीत; दोन गोष्टींची ‘सांगड घालणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार अशाच बांधणीतून आला आहे. दुसरे साधन गुऱ्हाळातली काहील. ज्या लोखंडी काहिलीत माघ-फाल्गुनात गूळ शिजे, तीच काहील श्रावणात पुरावर सोडीत. ती गोल असल्यामुळे तिला ना पुढची बाजू ना मागची. ओढीला लागली की जागच्या जागी भिरभिरे, आणि आत बसलेल्याला देवाचे नाव घेण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. तिसरी खरी नाव, लाकडी, नावाड्याची. नावाड्याला गावाकडून सुगीला धान्य मिळे आणि त्याच्या मोबदल्यात तो वर्षभर साऱ्यांना पैलतीरावरच्या बाजाराला नेई-आणी. पुढे पूल झाला, एसटी पलीकडे जाऊ लागली आणि नावाड्याचा घाट ओस पडला. शेवटचा नावाडी, ज्यांना सारा गाव तात्या म्हणे, दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजू लागले. त्यांची नाव काठावर पडून कुजली. तिच्या फळ्या एका होळीत गेल्या, असे त्यांनीच एकदा मला निर्विकारपणे सांगितले होते.

पुलामुळे नदी ओलांडण्याचा प्रश्न सुटला; नदीच गावात येते तेव्हाचा प्रश्न उरला. सांगलीतल्या १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हा आमच्या भागातल्या पावसाळ्याचा पंचांगाइतकाच महत्त्वाचा आकडा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५० फुटांच्या पुढे गेले तेव्हा जुनी माणसे म्हणाली की असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही पुढे गेले. त्या पुरात सैन्याची, नौदलाची आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके या भागात आली. पण खेडी अनेक आणि नावा थोड्या. आमच्याकडे पहिली नाव पोहोचेपर्यंत लोकांनी दोन रात्री माळवदांवर काढल्या होत्या. पूर ओसरल्यावर गावाने ठरवले की आपली स्वतःची नाव हवी. २०२० च्या आरंभी एका संस्थेच्या मदतीने ती आली. चौदा फुटांची, फायबरची, नारिंगी रंगाची, मागे लावायचे एक यंत्र आणि खाली लोखंडी गाडी. ट्रॅक्टरला जोडून ती वेशीतून आत आली तेव्हा तिची पूजा झाली, नारळ फुटला. तात्या गर्दीच्या मागे उभे होते. त्यांनी तिच्या बुडाखाली वाकून पाहिले आणि काही न बोलता निघून गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गाडीच्या एका चाकाची पाटी मोडली. दुरुस्तीसाठी गाडी मोकळी हवी होती. तालमीतली बारा पोरे जमली, दोन्ही अंगांनी सहा-सहा लागली आणि ‘हर हर महादेव’ म्हणून त्यांनी नाव उचलली. उचलली हे खरे. पण गाडीवरून मागे घेताना कोणाचे पाऊल चाकाच्या पंख्यात अडले, एक बाजू आधी सुटली आणि नावेचे मागचे टोक जुन्या पाराच्या दगडावर बसले. एका पोराच्या पायाचे बोट चेचले. नावेला वरून काहीच झालेले दिसत नव्हते. तळाला जरासा ओरखडा होता, त्यावर रंगाचा हात फिरवला गेला. सायंकाळी पोरांनी भेळ खाल्ली आणि ती गोष्ट संपली.

ती संपलेली नाही हे कळायला जुलै २०२१ उजाडावा लागला. त्या महिन्याच्या अखेरीस कृष्णा पुन्हा गावात शिरली. नाव हाताशी होती, यंत्र चालू झाले, आणि पहिल्या दोन खेपांत म्हातारी माणसे सुखरूप शाळेच्या टेकावर पोहोचली. तिसऱ्या खेपेला नावेत माझी सून होती आणि तिच्या पदराखाली चार महिन्यांचा नातू. वेस मागे पडली, उसाचे शेंडे पाण्याबाहेर हलताना दिसत होते, आणि तिच्या पावलांना गार लागले. आधी तिला वाटले, वल्ह्याचे पाणी उडाले असेल. मग ते घोट्यांपर्यंत आले. पाऊस वरून पडतच होता, त्यामुळे पाणी वरचे की खालचे हे कळायलाही वेळ गेला. नावेत आठ माणसे होती. एका हाताने मूल धरून दुसऱ्या हाताने ती दुधाच्या किटलीने पाणी उपसत राहिली; बाकीचे ओंजळीने, टोपीने, चपलेने. शाळेच्या पायरीला नाव लागली तेव्हा तिचा मागचा भाग जवळजवळ पाण्याबरोबर झाला होता. या प्रसंगाविषयी सून फारशी बोलत नाही. ती किटली मात्र तिने त्यानंतर दुधाला वापरली नाही.

पूर ओसरल्यावर नाव पुन्हा गाडीवर चढवली गेली आणि तिच्या तळाविषयी गावात तर्क सुरू झाले. रत्नागिरीकडचा एक फायबरचा कारागीर यायला तयार झाला, पण त्याने एक अट घातली. नाव गाडीवरून खाली घेऊन जमिनीवर अशी ठेवा की मला तळ सगळा दिसला पाहिजे. गाडीच्या रुळांखाली जे झाकलेले असते तिथेच बहुधा दुखणे असते. माघ महिना होता. ऊसतोड चालू होती, पावसाला अजून अवकाश होता. पोरे पुन्हा दंड थोपटून तयार झाली. त्या वेळी सरपंचांनी एक शहाणपण केले. ते मला घेऊन तात्यांच्या घरी गेले.

तात्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी आमचे सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “मास्तर, नाव उतरवायची न्हाई. नाव हाय तितंच ऱ्हाईल. तिच्या खालनं गाडी काढून घ्यायची.”

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. पण एका वाक्यात प्रश्नाची बाजूच बदलून टाकण्याचे असे उदाहरण मला फार थोडे आढळले आहे. आम्ही सारे नाव कशी उचलावी याचा विचार करीत होतो. हलवायला सोपी अशी वस्तू त्या ठिकाणी दुसरीच होती. तिला चाके होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडले ते मी सविस्तर सांगतो, कारण त्यातली एकही गोष्ट वायफळ नव्हती. तात्यांनी आधी नाव हलकी करवली. यंत्र काढले, तेलाची टाकी काढली, नांगर, वल्ही, तरंगजाकिटे, दोरांची वेटोळी सारे बाहेर. तळाचे बूच काढताच घागरभर पावसाळी पाणी वाहून गेले. ते तिथे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग जागा निवडली. पटांगणात सपाट, कठीण अशी जागा, जिच्या मागच्या अंगाला शाळेचा जुना कडुनिंब येईल. गाडी ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवायची, सोडायची नाही, असा त्यांचा आग्रह होता. कारण त्यांनी एका पोराला फळीचा आणि विटेचा झोका करून दाखवून दिले. नावेचे वजन मागे सरकले आणि गाडीची ओढदांडी मोकळी असली, तर ती उसळून वर येते. तिच्यावर वाकलेल्या माणसाची हनुवटी तिथेच असते.

चाकांना पुढून-मागून दगडाच्या उट्या लावल्या. नावेच्या मागच्या दोन कड्यांतून नाडा ओवून तो कडुनिंबाच्या बुंध्याला बांधला. नाव झाडाला बांधलेली पाहून शाळेची मुले हसू लागली. पुढच्या बाजूला नाळेचा पट्टा अजून तसाच आवळलेला होता. तो सर्वांत शेवटी, असे तात्यांनी बजावले; मागचा दोर ताणून बसल्यावाचून आणि मागच्या टोकाला खालून आधार मिळाल्यावाचून पुढचा बंध सुटता कामा नये. मागच्या टोकाखाली एक जाड फळी आडवी धरून तिच्याखाली ट्रॅक्टरचा जॅक लावला आणि नाव दोन बोटे उचलली. दोनच. त्या फटीत बाभळीचे ठोकळे उभे-आडवे रचून सरकवले, त्यांच्यावर जुन्या टायरचे तुकडे ठेवले, आणि जॅक हळूहळू सोडला. मागचा भार आता गाडीवर नव्हता, जमिनीवर होता. दोन्ही बाजूंना, नावेपासून वीतभर अंतर राखून, तात्यांनी वाळूने भरलेली पोती एकावर एक रचून घेतली. ती कशाला, असे कोणी विचारले. “असूं द्यात,” ते म्हणाले.

त्यानंतर पट्टा सुटला, उट्या निघाल्या, आणि ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये एक हात पुढे गेला. नाडा कडुनिंबाला करकरून ताणला गेला, गाडीचे रूळ फिरले, आणि आम्ही पाहिले की नाव जागच्या जागी आहे आणि गाडी तिच्याखालून पुढे सरकते आहे. “थांब.” पुन्हा उट्या. गाडी सरकल्याने कण्याखाली जी जागा मोकळी झाली तिच्यात नवा थर रचला गेला. मग पुन्हा एक हात. पुन्हा थांब. आवाज फक्त तात्यांचा होता. दुसरा कोणी ‘चल’ किंवा ‘थांब’ म्हणायचे नाही, हा पहिला नियम होता. ज्या क्षणी गाडीचा मागचा दांडा नावेच्या मध्यापलीकडे गेला, त्या क्षणी तिचा तोल बदलला. नाळ गाडीवर टेकलेली होती पण तिचा भार आता नाममात्र उरला होता, आणि सारे वजन मागच्या व मधल्या रचावर आले होते.

त्याच वेळी उजवीकडचा रच खचला. त्या ठिकाणी कधी काळी झेंड्याच्या खांबाचा खड्डा होता आणि तो मातीने बुजवलेला होता, हे कोणाच्या लक्षात नव्हते. ठोकळे चार बोटे खाली गेले आणि नाव त्या अंगाला कलली. चार पोरे एकदम धावली आणि खांदे लावायला नावेखाली वाकली. आणि ज्या तात्यांचा आवाज सकाळपासून चढला नव्हता, ते ओरडले, “हात काढा! सरा मागं! नाव पडली तर पडूं दे!”

पोरे मागे सरली. नाव आणखी थोडी कलली, वाळूच्या पोत्यांना टेकली आणि थांबली. पोत्यांतून वाळू दाबल्याचा मंद आवाज आला. त्यानंतर काही काळ कोणी बोलले नाही.

त्या आरोळीचा अर्थ माझ्या मनात त्यानंतर पुष्कळ दिवस उलगडत राहिला. ती नाव गावाने झोळी फिरवून, अर्ज करून, दोन पुरांच्या मोलाने मिळवली होती. ती फुटली असती तर येत्या पावसाळ्यात गाव पुन्हा उघडा पडला असता. हे तात्यांइतके कोणाला कळत नव्हते. तरीही माणूस आणि नाव यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्यांना विचार करावा लागला नाही. नाव माणसांसाठी असते हे आपण सारेच म्हणतो. पण पडत्या वस्तूला हात लावण्याची माणसाची उपजत ओढ फार मोठी असते, आणि तिच्यापुढे ते वाक्य टिकावे यासाठी ते कोणीतरी मोठ्याने ओरडावे लागते. दुसरे असे की त्यांनी नाव पडू दे म्हटले खरे, पण ती पडणार नाही याची तजवीज तासाभरापूर्वीच पोत्यांच्या रूपाने केलेली होती. जो माणूस आधी पोती रचतो त्यालाच वेळेवर हात काढा म्हणता येते.

खचलेल्या जागी रुंद फळी टाकून जॅकने नाव पुन्हा सरळ केली गेली. नाळेखाली शेवटचा रच झाला, गाडी पूर्ण बाहेर निघाली आणि नाव दोन फूट उंचीवर, ठोकळ्यांच्या पायांवर उभी राहिली. तिला खाली आणण्याचे काम याहून सावकाशीचे. एका टोकाला जॅक लावून केसभर उचलायचे, एक थर काढायचा, सोडायचे. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तसेच. एका वेळी एकच थर, आणि दोन्ही टोके एकदम मोकळी कधीच नाहीत. दुपारी जेवणवेळेला नाव तीन आडव्या लाकडांवर, दोन्ही अंगांना पोत्यांची उशी घेऊन, जमिनीपासून हातभर उंचीवर बसली. कारागिराला खाली आडवे होऊन काम करता येईल एवढी जागा राहिली. कोणाला खरचटलेही नव्हते.

संध्याकाळी तळ पुसल्यावर तडा दिसला. मागच्या टोकाजवळ, वीतभर लांब आणि केसासारखा बारीक. सून नातवाला कडेवर घेऊन पाहायला आली होती. तो तेव्हा अकरा महिन्यांचा होता. तिने त्या रेषेवरून एकदा बोट फिरवले आणि मुलाला घेऊन घरी गेली.

त्या रात्री मी सवयीने एक हिशेब मांडला. रिकामी नाव सुमारे २०० किलो धरली आणि पाण्याला टेकणारा तिचा तळ ५ चौरस मीटर, तर पाण्यावर असताना तिच्या तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सरासरी अवघ्या ४ ग्रॅमचा भार येतो. पाणी वस्तूला तिच्या सर्वांगाने उचलते; जितके पाणी बाजूला सारले तितका आधार, हा आर्किमिडीजचा नियम मी मुलांकडून कितीदा तरी पाठ करून घेतला होता. तीच नाव दगडाच्या टोकावर बसली, तिचा निम्मा भार ४ चौरस सेंटिमीटरवर आला, की तिथे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २५ किलो. म्हणजे सहा हजार पटींहून अधिक. आणि हे ती अलगद टेकली तर. आदळली तर किती, याचा हिशेब मी केला नाही. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि राळ. वाकणे त्याला थोडे जमते, पण एका बिंदूवरचा मार ते आत साठवून ठेवते. बाहेरचा रंग शाबूत राहतो, आतले धागे सुटतात, आणि पुढे कधीतरी पाण्याचा दाब आणि आठ माणसांचे वजन त्या जागेला आपली आठवण करून देते. आपण समजतो की नावेला धोका पाण्याचा. पाण्यासाठीच तर ती घडलेली असते. तिला जपावे लागते ते जमिनीवर, कारण जमीन तिला सगळीकडून धरू शकत नाही. आणि जिथे जिथे ती धरते ती प्रत्येक जागा माणसाला विचारपूर्वक निवडावी लागते.

हे ज्ञान पाण्याकाठच्या माणसांनी केव्हापासूनच जमा केले आहे. कोकणात मोसमाच्या अखेरीस होड्या वर ओढताना त्यांच्याखाली लाकडी ओंडके घालतात, आणि ओढणाऱ्यांइतकेच महत्त्व मागचा ओंडका उचलून पुढे आणून टाकणाऱ्याला असते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवून आतल्या, समुद्र कधी न पाहिलेल्या गावांकडे नेल्या. चेंगन्नूरच्या परिसरात त्या रस्त्यांवरच उतरवल्या गेल्या आणि हजारो माणसे त्यांच्यातून बाहेर आली. त्या दिवसांची छायाचित्रे पाहताना लोकांनी पाण्यातल्या होड्या पाहिल्या. माझी नजर ट्रकांकडे जाते. ज्या हातांनी त्या होड्या घाईत चढवल्या आणि घाईत उतरवल्या, त्यांना जन्मभराची सवय होती. आमच्यासारख्या गावांना ती नाही. आमच्याकडे नाव आली, तिच्यामागची सवय आली नाही. वस्तू देणगीत मिळते. तिला हाताळण्याची रीत मात्र कोणाच्या तरी घरी जाऊन मागून आणावी लागते, आणि बहुधा ती अशाच घरी असते ज्याच्याकडे आपण पूल झाल्यापासून गेलेलो नसतो.

तात्या २०२४ च्या हिवाळ्यात गेले. त्याआधी दोन वेळा त्यांनी हेच काम पोरांकडून करवून घेतले. आता दरवर्षी माघात, ऊसतोड आटोपत आली की एक दिवस नाव खाली घेतली जाते. तळ हाताने चाचपून पाहतात, गाडीच्या पाट्या आणि चाकांचे बेअरिंग तपासतात, रूळ गंजले असतील तर बदलतात, आणि चैत्र संपायच्या आत नाव पुन्हा गाडीवर जाते. उलट क्रमाने, गाडी तिच्याखाली एक-एक हात आत घालत. पावसाळ्यात ती गाडीवरच तयार हवी. बाभळीचे ठोकळे शाळेच्या मागच्या खोलीत मोजून ठेवलेले असतात. ते चुलीत जाऊ नयेत म्हणून मुलांनी त्यांच्यावर रंगाने आकडे घातले आहेत. झेंड्याच्या खांबाच्या त्या जुन्या खड्ड्यावर काँक्रीटची फरशी बसली आहे.

‘चल’ आणि ‘थांब’ म्हणणारा आवाज आजही एकच असतो. गेली दोन वर्षे तो माझ्या सुनेचा आहे. तिला कोणी नेमले नाही. पहिल्या वर्षी ती पोती रचायला आली आणि दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टरवाला तिच्याकडेच पाहू लागला. काम संपले की ती नाव मागच्या अंगाला किंचित उतरती आहे ना ते पाहते, म्हणजे पावसाचे पाणी तळात साचत नाही, आणि बूच काढते. बूच काढलेली नाव घाईत पाण्यात गेली तर बुडेल, म्हणून ते हरवू नये आणि विसरूही नये अशा जागी हवे. ती ते लाल दोरीने नाळेच्या कडीला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधते. शाळेत जाणारी मुले त्याला टिचकी मारून पुढे जातात.